साइटवर मराठी नीट, पीएचपीमायॲडमिनमध्ये कचरा: वाचनालयाचा डेटाबेस हलवायचाय

खाजनकाठ

नमस्कार मंडळी. बार्देशातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची साइट २००९ साली गावातल्याच एका मुलानं फुकटात करून दिली होती. पीएचपी आणि मायएसक्यूएल ५.०. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी, बस्स. तो मुलगा आता आखातात आहे आणि "काका, मला खरंच काही आठवत नाही" म्हणतो. होस्टिंगवाल्यांचं पत्र आलंय: महिनाअखेरीला जुना सर्व्हर बंद, नव्यावर मायएसक्यूएल ८. मी वाचनालयाचा खजिनदार, पेशानं हिशेबनीस. डेटाबेसशी माझा संबंध एवढाच की पासवर्ड माझ्या वहीत आहे.

अडचण अशी. जुनी साइट उघडली की सगळं मराठी स्वच्छ दिसतं. तोच तक्ता पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस आतून दाखवणारं वेबपान) उघडला की नुसती चित्रलिपी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार काट्यांचं गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरं. पुन्हा तोच ए, पुन्हा ते गोल. मध्येच जपानी येनचं चिन्ह! मी एक्स्पोर्ट करून नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट केलं, तर आता नव्या साइटवरही तीच चित्रलिपी.

मग इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेली आयकॉन्व्हची कमांड त्या फाइलवर चालवली, अक्षरं साठवायच्या एका पद्धतीतून दुसरीत: युटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये. पहिल्यांदा ती चूक दाखवून थांबली, म्हणून त्याच माणसाने सांगितलेला मायनस सी लावला. आता निम्मी नावं अगदी सुंदर दिसतात आणि निम्म्या नावांत काळ्या शंकरपाळीत प्रश्नचिन्ह. निम्मीच का, ते कळत नाही. चवथीआधी हे झालं नाही तर कमिटी मला विसर्जनाला नेईल.

(मंचावर रोमन लिहिलं की प्रतिसाद अडकतो, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. सांभाळून घ्या.)

पाटोचा_पूल

मायएसक्यूएल सोडा, पोस्टग्रेस वापरा. हा त्रासच नाही.

रापणकार

पाटो बाब, घर गळतंय म्हटल्यावर "मडगावात फ्लॅट घ्या" सांगण्यातला प्रकार झाला हा. पोस्टग्रेस चुकीचे बाइट दारातच अडवतं हे खरं, पण डेटाबेस एसक्यूएल-आस्की म्हणून उघडला असेल तर तेही डोळे मिटून सगळं आत घेतं. आणि ह्यांचा डेटा आधीच आत आहे.

खाजनकाठ, पहिला प्रश्न: जुना सर्व्हर अजून जसाच्या तसा आहे ना? त्यावर काही चालवलं नाहीत ना? असेल तर शांतपणे चहा घ्या, काही गेलेलं नाही. जुन्यावर ह्यापुढे फक्त वाचायचं, लिहायचं नाही.

दुसरं, आयकॉन्व्ह लावलेल्या फाइलमध्ये तालुक्यांचा रकाना असेल तर कुठला तालुका नीट आणि कुठला फुटका ते इथे टाका.

खाजनकाठ

जुना जसाच्या तसा आहे, देवाची कृपा. तालुके बघितले.

नीट: तिसवाडी, पेडणे, डिचोली, फोंडा, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा.
फुटके: बार्देश, सत्तरी, मुरगाव, सासष्टी.

आमचाच बार्देश फुटावा म्हणजे काय.

नवाकोरा

मी फर्मागुडीला शिकतो, दुसरं वर्ष, चुकलो तर सांगा. बार्देश, सत्तरी, सासष्टी ह्या तिन्हींत जोडाक्षर आहे. मुरगावात जोडाक्षर नाही, पण पहिला उकार आहे. नीट असलेल्या आठांत जोडाक्षरही नाही आणि पहिला उकारही नाही.

रापणकार

शाब्बास रे! आता ह्याचं कारण सांगतो. सगळा धागा ह्याच खिळ्याला टांगलेला आहे.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. हेच तीन बाइट एखाद्या अवजाराने 'ही पश्चिम युरोपची लिपी आहे' असं समजून वाचले, तर २२४ म्हणजे तिरकी रेघवाला ए, १६४ म्हणजे ते काट्यांचं गोल, आणि १४९ म्हणजे एक जाड ठिपका. दुसरा बाइट १६५ असेल तर येन. दीर्घ ईकार, दोन्ही उकार, मात्रा, ओकार आणि हलन्त ह्या येनवाल्या घरात राहतात. म्हणून तुम्हाला मध्येच जपान दिसलं.

आता विंडोज-१२५२ ह्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४, १५७. तिथे कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. आणि आपलं नशीब बघा, मराठीतल्या पहिल्या उकाराचा तिसरा बाइट १२९, हलन्ताचा १४१, 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४, 'झ'चा १५७. आयकॉन्व्ह त्या घरापाशी येऊन थांबलं ते बरोबरच होतं. मायनस सी म्हणजे 'जमत नाही ते गुपचूप टाकून दे'. त्याने ते टाकलं. म्हणून पणजी शाबूत राहिली आणि म्हापसा फुटला. झुवारीचं तर दोन ठिकाणी फुटलं असेल.

मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन-१ (पश्चिम युरोपच्या अक्षरांचा तक्ता) हा नावालाच लॅटिन-१. प्रत्यक्षात तो विंडोज-१२५२ आहे, फक्त त्या पाच रिकाम्या घरांनाही त्याने आपल्यापुरता नंबर दिलेला आहे. त्यामुळे रूपांतर मायएसक्यूएलच्या आतच केलं तर एकही बाइट गळत नाही. बाहेरच्या अवजाराने केलं की गळती. मी तरी हे काम डेटाबेसच्या बाहेर कधीच करत नाही.

खाजनकाठ

झुवारी तपासलं. दोन ठिकाणी फुटलंय!! पण मग जुनी साइट इतकी वर्षं बरोबर कशी दाखवत होती?

चंद्रभागा

कारण दोघेही एकच चूक करत होते, खजिनदार काका. त्या काळच्या मायएसक्यूएलमध्ये काही सांगितलं नाही तर तक्ता लॅटिन-१ चाच व्हायचा आणि जोडणीही लॅटिन-१ ची. पीएचपीने युटीएफ-८ चे बाइट दिले, डेटाबेसने 'लॅटिन असेल' म्हणून न उघडता ठेवून दिले, मागितल्यावर तसेच परत दिले. ब्राउझरने ते युटीएफ-८ म्हणून वाचले. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च दोन्हीकडे तीच चुकीची रक्कम लिहिली की ताळेबंद जुळतो ना, तसं.

पीएचपीमायॲडमिन हा प्रामाणिक कारकून. त्याची जोडणी युटीएफ-८ ची, म्हणून तो डेटाबेसला म्हणतो, 'तुझं लॅटिन मला युनिकोडमध्ये करून दे.' डेटाबेस एकेका बाइटचं रूपांतर करून देतो. वर्कबेंच उघडलंत तरी हेच दिसेल. पडद्यावर काय दिसतं ह्यावर निम्मी साक्ष त्या अवजाराच्या जोडणीची असते. आत काय आहे ते बघायचं तर हेक्स हे फंक्शन, ते बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतं. 'क'साठी ई० ए४ ९५ आलं तर बाइट मूळचे आहेत. सी३ ए० सी२ ए४ असं काहीतरी लांबलचक आलं तर दुहेरी रूपांतर झालंय.

ता.क. जुन्या तक्त्याचं कोलेशन (वर्णक्रम लावायचा नियम) बघा, लॅटिन-१ स्वीडिश असेल. मायएसक्यूएल मूळची स्वीडनची कंपनी. तुमची मराठी पुस्तकं इतकी वर्षं स्वीडिश वर्णक्रमानं लागत होती. :)

खाजनकाठ

लॅटिन-१ स्वीडिशच आहे! जुन्यावर हेक्स ई० ए४ ९५, नव्यावर सी३ ए०. पुढे काय करू?

चंद्रभागा

आम्ही ऑफिसात करतो तो सरळ मार्ग: रकाना आधी बायनरी करायचा, मग युटीएफ-८ एमबी-४. लॅटिनवरून थेट युटीएफवर गेलात तर मायएसक्यूएल रूपांतर करतं आणि कचरा तसाच युटीएफमध्ये जाऊन बसतो. मध्ये बायनरी घातलं की त्याला रूपांतर करायला जागाच उरत नाही, फक्त पाटी बदलते. आणि नुसतं 'युटीएफ-८' निवडू नका, एमबी-४ वालंच घ्या. मायएसक्यूएलचं जुनं युटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतच जातं. देवनागरीला तेवढं पुरतं, पण कुणी अभिप्रायात इमोजी टाकला की संपलं.

हे सगळं नव्या सर्व्हरवरच्या प्रतीवर. जुन्याला हात नाही.

रापणकार

प्रत नेताना मायएसक्यूएलडंपला (डेटाबेसची प्रत फाइलीत काढणारी कमांड) डीफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन-१ असं सांगा. मग तो बाइट बदलत नाही, आणि फाइलच्या डोक्यावर सेट नेम्स लॅटिन-१ ही ओळ स्वतःच लिहितो, त्यामुळे उतरवतानाही ते तसेच उतरतात. पीएचपीमायॲडमिनच्या इम्पोर्ट पानावर फाइलचा कॅरेक्टर सेट विचारणारा चौकोन असतो, तिथे लोक अंदाजाने काहीतरी निवडतात आणि तिसरा थर चढवतात. तुम्ही कमांडनेच करा.

खाजनकाठ

केलं. पण फाइल विचित्र आली. काल एक्स्पोर्ट केलेली ३ एमबी होती, आजची साडेचार. त्यात टेबल तेच, ओळी त्याच. नव्या सर्व्हरला ती वाचताच येत नाही, पहिल्याच ओळीला अडखळतो.

रापणकार

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाचं चिन्ह वापरून फाइलीत ओतलंत का?

खाजनकाठ

हो. तुम्ही माझ्या मागे उभे आहात का?

रापणकार

:) विंडोजसोबत येणारं पॉवरशेल बाणाने ओतलेला मजकूर युटीएफ-१६ करून ठेवतं. साध्या रोमन अक्षरालाही दोन बाइट. फाइल फुगते आणि निकामी होते. बाण नको, मायएसक्यूएलडंपचा रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा, म्हणजे फाइल तो स्वतः लिहितो, पॉवरशेलचा हात लागत नाही.

खाजनकाठ

फाइल नीट आली, उतरली. पुस्तकांचा लेखक-रकाना चंद्रभागाताईंच्या पद्धतीने केला आणि पडद्यावर मराठी दिसलं तेव्हा, खरं सांगतो, बायकोला हाक मारून दाखवलं. 'पणजी'ची कॅरेक्टर-लेंग्थ आधी १२ यायची, आता ४ येते.

पण सभासदांच्या तक्त्यावर अडलं. बायनरी झालं, पुढे युटीएफ करताना चूक क्रमांक १३६६, ओळ ३१२, चुकीचं मूल्य ई७ ई३ ओ. तेवढ्यात आमच्याकडची वीजही गेली. पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे?

नवाकोरा

फर्मागुडीला धो धो. ई७ म्हणजे २३१ ना? तो तर लॅटिनमध्ये शेपटीवाला सी.

रापणकार

आणि ई३ म्हणजे २२७, डोक्यावर लाट असलेला ए. शेपटीवाला सी, लाटेचा ए, मग साधा ओ. खाजनकाठ, तुमच्याकडे कॉन्सेसांव आडनावाचे सभासद आहेत का, रोमनमध्ये, पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेले?

खाजनकाठ

आहेत की! आमचा गाव अर्धा ख्रिस्ती. जुनी सभासद-यादी एक्सेलमध्ये होती, ती त्या मुलाने एकदम चढवली, मराठी नावं नंतर साइटवरूनच भरली गेली. आणि थांबा. साइटवर ह्याच लोकांच्या नावात शंकरपाळी-प्रश्नचिन्ह यायचं. एक निवृत्त मास्तर दर वार्षिक सभेला तक्रार करायचे, 'माझ्या आडनावाची शेपटी कुणी कापली?' आम्ही हसून सोडून द्यायचो. आता वाईट वाटतंय.

रापणकार

मास्तरांचं आडनाव तुमच्या तक्त्यातलं सर्वांत प्रामाणिक मूल्य होतं. खरोखरचं लॅटिन, लॅटिनच्या रकान्यात. खोटी होती ती मराठी नावं.

म्हणजे एकाच रकान्यात दोन जातीचे बाइट. एका फटक्यात सगळं बदलणारी कुठलीही कृती इथे एका गटाचा बळी घेणारच. चंद्रभागाताईंची पद्धत शुद्ध तक्त्याला उत्तम, पण गोव्यातला सभासद-तक्ता शुद्ध असेल असं धरून चालू नये. स्ट्रिक्ट मोड (चुकीचं मूल्य नाकारणारी सेटिंग) चालू होता म्हणून ती चूक देऊन थांबली. बंद असता तर नावं बिघडवून, फक्त एक इशारा लिहून पुढे गेली असती.

सुदैवाने दोन जाती ओळखता येतात. युटीएफ-८ मध्ये २२७ ने सुरुवात झाली की पुढचे दोन बाइट १२८ ते १९१ मधलेच हवेत. पोर्तुगीज नावात लाटेच्या ए नंतर साधा ओ येतो, तो १११. नियम मोडला, म्हणजे हे युटीएफ नव्हे. पोर्तुगीज शब्द चुकून वैध युटीएफ-८ ठरणं जवळपास अशक्य.

सभासदांचा तक्ता पुन्हा लॅटिन अवस्थेत उतरवून घ्या. शेजारी युटीएफ-८ एमबी-४ चा नवा रिकामा रकाना जोडा. मग नुसता सिलेक्ट चालवा: नाव बायनरीत कास्ट करून ते कन्व्हर्ट यूझिंग युटीएफ-८ एमबी-४. जिथे उत्तर नल (म्हणजे रिकामं) येईल त्या ओळींचे क्रमांक बाजूला काढा. त्यानंतर दोन अपडेट. त्या क्रमांकांसाठी साधा कन्व्हर्ट, कारण ते खरं लॅटिन आहे, बाकीच्यांसाठी बायनरीतून. पण अपडेटच्या आधी नलांची यादी डोळ्यांखालून घाला.

सुशेगाद

मध्येच बोलतो. मी एका सरकारी खात्यातून निवृत्त. तुमच्या पुस्तकांच्या यादीत अशी काही शीर्षकं आहेत का, जी जुन्या साइटवरही कधी नीट दिसली नाहीत? सी-डॅकच्या आयएसएममध्ये (मराठी टंकायचं जुनं सॉफ्टवेअर) योगेश वगैरे फाँट लावून टंकलेला मजकूर असेल तर ह्या कुठल्याच कमांडीने तो सुधारणार नाही. तिथे अक्षर साठवलेलंच नसतं, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, जशी डोळ्यांना दिसते तशी. त्याला फाँट कन्व्हर्टरच लागतो, आणि तो चालवल्यावरही रफार स्वतः तपासावे लागतात. आम्ही ९०च्या दशकात रात्री जागून टंकलेलं सगळं आज कुणाला वाचता येत नाही, हे बघून पोटात खड्डा पडतो.

खाजनकाठ

सुशेगाद बाब, आहेत, ३७ शीर्षकं. आम्ही ती 'इंग्रजी' ह्या वर्गात टाकली होती. :(

रापणकार, नलांची यादी काढली. सभासदांत २३, सगळी पोर्तुगीज वळणाची, बरोबर. पण पुस्तकांच्या शीर्षकांतही तसाच सिलेक्ट चालवला तर १४ नल आले आणि त्यात एकही पोर्तुगीज नाही, सगळी मराठीच. सगळी लांबलचक नावं, आणि शेवट अर्धवट.

नवाकोरा

शीर्षकाचा रकाना व्हारकॅर १००, म्हणजे जास्तीत जास्त १०० अक्षरांचा, आहे का? लॅटिनमध्ये १०० म्हणजे १०० बाइट. तीनने भागलं तर ३३ चिन्हं आणि एक बाइट उरतो. काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह, त्यामुळे ३३ लगेच भरतात. चौतिसावं किंवा, मध्ये मोकळ्या जागा असतील तर, त्यापुढचं चिन्ह मध्येच कापलं गेलं असेल.

रापणकार

हा मुलगा नोकरी शोधत असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा, पर्वरीला आमच्याकडे जागा आहे.

बरोबर आहे. जुना सर्व्हर जास्तीचं मुकाट कापायचा. ह्या १४ ओळी साध्या कन्व्हर्टच्या गटात घालू नका, त्यांची चित्रलिपी होईल. आणि ध्यानात घ्या, कापणी नेमकी चिन्हाच्या सीमेवर झालेली असेल तर ती ओळ वैध दिसेल आणि नलमध्ये येणारच नाही. म्हणून लेंग्थ ९८ किंवा जास्त असलेली सगळी शीर्षकं वेगळी काढा. जे कापलं गेलं ते कुठल्याच कमांडीत नाही. दाखल नोंदवही आहे ना?

खाजनकाठ

आहे, कापडी बांधणीची, १९७०च्या दशकापासूनची. लेंग्थ लावल्यावर एकूण २१ निघाली.

चंद्रभागा

साइट जोडताना पीएचपीच्या जोडणीत सेट कॅरसेट युटीएफ-८ एमबी-४ लिहायला विसरू नका. ते राहिलं आणि जोडणी लॅटिनवर गेली, तर पानावर नुसती प्रश्नचिन्हं येतील. दिसण्यापुरती आली तर हरकत नाही, पण उलट दिशेने कुणी नाव लॅटिन रकान्यात साठवलं आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह, म्हणजे बाइट ६३, लिहिलं जातं. चित्रलिपी उलगडता येते, ६३ नाही.

खाजनकाठ

काल रात्री साइट नव्या सर्व्हरवर नेली. मास्तरांना फोन करून आडनाव बघायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो आला, शेपटीभोवती लाल वर्तुळ काढलेला.

एक नवीन भानगड. 'ॲग्नेस' शोधलं तर तीन सभासद यायला हवेत, एकच येतो. दिसायला तिन्ही नावं सारखीच.

रापणकार

हे एन्कोडिंग नाही, टंकलेखन आहे. 'ॲ' तीन प्रकारे टंकला जातो: एकच चिन्ह म्हणून (ते युनिकोडात २००८ ला आलं, त्याआधीच्या कीबोर्डांवर नव्हतंच), अ वर चंद्र देऊन, आणि दोन्हींच्या मध्ये न दिसणारा जोडक घालून. युनिकोड ह्यांना आपोआप समान मानत नाही. रिप्लेस चालवून सगळे एकाच प्रकारात आणा, आणि साइटच्या शोधचौकटीत आलेल्या शब्दालाही तोच रिप्लेस लावा. 'दऱ्या'चंही बघून ठेवा, अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात.

खाजनकाठ

ॲग्नेस तिन्ही सापडल्या. २१ पैकी १९ शीर्षकं नोंदवहीवरून भरली. उरलेल्या दोहोंच्या पानाला वाळवी लागलीय, दाखल क्रमांक तेवढा वाचता येतो. पुस्तकं मागच्या कपाटात असावीत. किल्ली ग्रंथपाल बायकडे, ती सोमवारी येणार.